तरवड आणि तंगेडु

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून शाळेच्या इतिहासाविषयी बोलावे, अशी अपेक्षा असते. परंतु तो इतिहास माझ्याहून अधिक अधिकाराने सांगू शकतील अशी ज्येष्ठ मंडळी समोरच बसली आहे. म्हणून मी आज एका प्रश्नाविषयी बोलणार आहे. गेल्या वर्षी पालकसभेत एका गृहस्थांनी उभे राहून विचारले, ‘बाई, आम्ही मुलांना मराठी शाळेत घालतो ते आपली भाषा आणि आपले सण त्यांना कळावेत म्हणून. बतुकम्मा त्यांना गल्लीत दिसते, टीव्हीवर दिसते, चौकाचौकांतल्या फलकांवर दिसते. ती शाळेत कशाला आणायची?’ प्रश्न प्रामाणिक होता आणि सभेतील बऱ्याच माना त्यांच्या बाजूने हलल्या. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देण्याजोगे नव्हते. ते आज सविस्तर देते.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेऊ. आपण या शहरात पाहुणे नाही. 1956 च्या नोव्हेंबरपर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचा भाग होता. औरंगाबादचा, नांदेडचा, परभणीचा माणूस कोर्टकचेरीसाठी, शिक्षणासाठी, नोकरीसाठी येथेच येत असे. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा असेच आले आणि राहिले. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या, घरे बदलली नाहीत. भाजीवाल्याशी आपण तेलुगूत बोलतो, रिक्षावाल्याशी दखनीत. आपल्या गणपतीला शेजारच्या तेलुगू बायका हौसेने येतात, मोदकाची कृती विचारून जातात. आणि त्यांच्या सणाला आपण गॅलरीत उभे राहून फोटो काढतो. ‘दिसते’ हा त्या पालकांचा शब्द अगदी अचूक होता. बतुकम्मा आपल्याला दिसते. पाहणे आणि त्यात असणे यांमध्ये जे अंतर आहे, तेवढ्यापुरतेच माझे म्हणणे आहे.

बतुकम्मा म्हणजे काय, हे महाराष्ट्रातून आलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगते. ‘बतुकु’ म्हणजे जगणे, ‘अम्मा’ म्हणजे आई. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस तेलंगणातील स्त्रिया परातीत किंवा वेताच्या टोपलीत भोपळ्याची पाने अंथरून त्यांवर फुलांचे थर रचतात. खाली रुंद, वर निमुळते, देवळाच्या शिखरासारखे. शेंड्यावर हळदीची गौरम्मा. ती अंगणात मध्यभागी ठेवून भोवती फेर धरायचा. एकीने गायचे, बाकीच्यांनी टाळ्यांच्या ठेक्यावर धरायचे. शेवटी तळ्यात विसर्जन. यात कोठे मूर्ती नाही, मंडप लागत नाही, पुरोहितही लागत नाही. 2014 साली तेलंगण राज्य झाले आणि हा राज्याचा सण ठरला, परंतु त्यापूर्वी कित्येक पिढ्या तो खेड्यांतल्या बायकांनी आपल्या बळावर चालवला आहे.

आता त्या फुलांकडे पाहा. सर्वांत मानाचे फूल पिवळे तंगेडु. तेच आता राज्यपुष्प आहे. आमच्या आठवीच्या मुलींना मी विचारले, तंगेडु म्हणजे मराठीत काय? कोणालाच सांगता येईना. ते आपले तरवड. माळरानावर, वाटेच्या कडेला, कोणी न लावता उगवणारे. दुसरे फूल गुनुगु, पांढरट गुलाबी तुऱ्यांचे. तुरे रंगांत बुडवून थरांमध्ये लावतात. ते आपले कुरडू. श्रावणात ज्याची कोवळी भाजी आपल्या आज्या करीत, तेच. बंती म्हणजे झेंडू, चामंती म्हणजे शेवंती. परकी वाटणारी ती टोपली मुलींनी एकेक फूल करून उतरवली, तेव्हा आत सगळे आपल्याच माळावरचे निघाले. मात्र त्यासाठी हात लावावा लागला. गॅलरीतून तरवड आणि झेंडू सारखेच पिवळे दिसतात.

हा हात लावायला आम्हांला शिकवले आपल्या शाळेतील आयम्मांनी. कित्येक वर्षे त्या आपल्या भोंडल्याच्या खिरापतीची पातेली उचलत आल्या आहेत. आपली गाणी चालीसकट त्यांच्या कानात आहेत. त्या दिवशी त्या जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि मराठीच्या बाई, गणिताच्या बाई, मी, आम्ही सगळ्या त्यांच्या विद्यार्थिनी झालो. देठ किती ठेवायचा, थर कलला तर कोणत्या बाजूने सावरायचा, आत पानांचा चुरा किती भरायचा, हे सगळे बोटांचे ज्ञान. दोन वेळा आमचा डोलारा कोसळला. तिसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा एका मुलीने विचारले, ‘आयम्मा, तुम्ही आम्हांला दर वर्षी का नाही शिकवलंत?’ त्या हसल्या आणि तेलुगूत म्हणाल्या, ‘विचारलं कोणी?’

आता भोंडल्याकडे येते, कारण मूळ शंका तीच होती. इथली फुले आली तर आपला हत्ती पाटावरून उतरेल काय? उलट घडले, हे मी शाळेतील अनुभवाने सांगते. गेली काही वर्षे भोंडल्याला मुली येत, पण फेरात उभ्या राहून पुटपुटत. गाणी मोठ्या बायकांनी म्हणायची आणि मुलींनी खिरापतीची वाट पाहायची, असा प्रकार झाला होता. बतुकम्माच्या फेरात मात्र आघाडीच्या बाईमागे सर्वांनी धरायचेच असते. तेथे गप्प राहता येत नाही. तो अनुभव घेऊन मुली भोंडल्याला आल्या आणि त्यांनीच विचारले की आपली गाणी लिहून द्या, अर्थ सांगा. मग साम्ये दिसू लागली. दोन्हींत फेर, दोन्हींत सासर-माहेर, दोन्हीही अश्विनाच्या तोंडाशी पाऊस ओसरताना. भोंडल्याची खिरापत रोज वेगळी आणि ओळखायची, तसा बतुकम्माचाही नैवेद्य रोज वेगळा: एके दिवशी पोहे, एके दिवशी नुसते घट्ट वरण, एके दिवशी भिजवलेले तांदूळ, एके दिवशी डोसे, आणि शेवटच्या सद्दुल बतुकम्माला दही, चिंच, लिंबू, खोबरे, तीळ असे भाताचे प्रकार. विसर्जनानंतर भाकरी-गुळाचा जो पदार्थ वाटतात त्याला मलिदाच म्हणतात. सहाव्या दिवशी तर देवी रुसते, म्हणून त्या दिवशी बतुकम्मा रचतच नाहीत. रुसण्याला सणात एक दिवस राखून ठेवणाऱ्या या बायकांचे मला फार कौतुक वाटते.

फरकही आहेत, आणि ते झाकण्याचे कारण नाही. पहिली बतुकम्मा येते आपल्या सर्वपित्रीला. पितृपक्षात फुले, नवी लुगडी, गाणी, हे आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना खटकते. मी आयम्मांना विचारले, तेव्हा कळले की तेलंगणातही त्या दिवशी पितरांची आठवण असते. सकाळी त्यांच्या नावाने शिधा द्यायचा आणि संध्याकाळी फुले रचायची. एकाच दिवसात दोन्ही. आपण तसे करावे असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरी चालत नसेल त्यांनी पुढच्या आठ दिवसांतला कोणताही दिवस निवडावा. दसऱ्याची सुट्टी नेमकी याच सुमाराला लागते, म्हणून बहुतेक शाळा सुट्टीपूर्वी एक दिवस मैदानावर बतुकम्मा उरकून घेतात: ध्वनिवर्धक, परीक्षक, पहिली-दुसरी-तिसरी, कागदी फुले, आणि मुलींना जरीचे परकर. त्या पालकांचा प्रश्न ऐकल्यावर मला वाटले, या अर्थाने त्यांचे बरोबरच आहे. असल्या स्नेहसंमेलनी बतुकम्माला शाळेत आणण्याची गरज नाही. शाळेने फुले ओळखायला आणि रचायला शिकवावे; सण साजरा करायला मुलींनी आपापल्या वस्तीत, आपापल्या इमारतीच्या अंगणात, शेजारणींच्या फेरात जावे. आईसह जावे. मुलगे फुले खुडायला, टोपली तळ्यापर्यंत उचलून न्यायला उपयोगी पडतात. त्यांनाही सोडू नये.

सणांबरोबर बाजारांचाही विचार केला पाहिजे. या शहरात हस्तकलेच्या बाजारांना तोटा नाही. माधापूरच्या शिल्पारामम्‌मध्ये वर्षभर कारागीर बसतात. जानेवारीच्या पहिल्या तारखेपासून नामपल्लीच्या मैदानावर नुमाईश भरते. ही नुमाईश 1938 साली उस्मानियाच्या पदवीधरांनी पब्लिक गार्डनमध्ये सुरू केली, ती राज्याच्या आर्थिक पाहणीसाठी पैसा उभा करावा म्हणून. आणि आजही तिच्या उत्पन्नातून शिक्षणसंस्था चालतात, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. आपल्यापैकी प्रत्येकाने तेथे काश्मिरी शाल चाचपून पाहिली आहे आणि मिरचीभजी खाल्ली आहेत. ते चालूच ठेवावे. पण त्या गर्दीत एखाद्या गाळ्यासमोर थोडे अधिक थांबावे, अशी माझी विनंती आहे.

उदाहरण घेऊ. येथे बसलेल्या भगिनींपैकी अनेकींच्या कपाटात नारायणपेठ आहे. चौकटीचे अंग, देवळाच्या शिखरांसारखे काठ. लग्नामुंजींत आपण ती मिरवतो, आणि पुष्कळांना ती पुण्याची किंवा सोलापूरची वाटते. नारायणपेठ हे तेलंगणातले गाव आहे, कर्नाटकाच्या सीमेलगत. शिवछत्रपतींच्या सैन्याबरोबर आलेले काही विणकर तेथेच राहिले, अशी आख्यायिका तिथे सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी; पण मराठी बायका पिढ्यान्‌पिढ्या जे अंगावर लेऊन आल्या ते येथल्या हातांनी विणलेले आहे, हे काही आख्यायिका नव्हे. तसेच पोचमपल्ली. विणण्यापूर्वीच सूत बांधून रंगवायचे आणि मग ते मागावर असे जुळवायचे की नक्षी उमटावी. याच गावात 18 एप्रिल 1951 रोजी विनोबांना पहिले भूदान मिळाले. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याच्या या सुपुत्राच्या भूदान चळवळीचे नाव आज त्या गावाच्या नावाला जोडलेले आहे. बाजारात पोचमपल्लीची छापील नक्कल स्वस्त मिळते. ओळखायची खूण सोपी आहे: कापड उलटून पाहावे. खऱ्या कापडावर नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच असते आणि तिच्या कडा किंचित पिसारलेल्या दिसतात. नकलेची पाठ फिकी असते.

गेल्या वर्षी सातवीच्या मुलांनी चेरियालच्या एका चित्रकारासमोर दोन तास बैठक मारली. चेरियालची पटचित्रे म्हणजे कथेकऱ्यांचे लांबच लांब पट. लाल पार्श्वभूमीवर एकाखाली एक प्रसंग, आणि कथेकरी गाता गाता पट उलगडत जायचा. आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीची ही सख्खी मावसबहीण म्हणावी. मुलांना वाटले होते की चित्रकार रंग काढून चित्र काढायला बसेल. पण पहिला पाऊण तास तो कापडच दाखवत होता. खादीवर तांदळाची खळ, पांढरी माती, उकडून वाटलेल्या चिंचोक्यांचा लगदा, डिंक. एक थर, तो वाळला की दुसरा, मग तिसरा. एका मुलाने कंटाळून विचारले, ‘चित्र केव्हा काढणार?’ चित्रकाराने त्याच्या हातात चिंचोक्याचा लगदा दिला आणि पुढचा थर त्यालाच लावायला सांगितला. तो मुलगा नंतर लहान मुखवट्याच्या किमतीवरून घासाघीस करणाऱ्या आपल्याच आईला थांबवताना मी पाहिला. ‘आई, ते वाळायला दिवस लागतात,’ असे तो म्हणत होता. आईने सांगितलेली किंमत दिली. थोड्या नाराजीने दिली, हेही नमूद करते.

घासाघीस करूच नये, असे मी म्हणत नाही. यंत्रावर निघालेल्या मालाची खुशाल करावी. हाताने केलेल्या वस्तूची किंमत पाडण्यापूर्वी ती कशी होते एवढे विचारावे. कारागिरालाही विचारणारा आवडतो. आणि शक्य असेल तेव्हा रजेच्या दिवशी मुलांना घेऊन त्याच्या गावी जावे; पोचमपल्लीला जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येते.

शेवटी एक कामाची गोष्ट. शहर वाढत आहे, माळ संपत आहेत, आणि तरवड आता टोपलीवाल्यांकडून विकत घ्यावे लागते. म्हणून यंदा जूनमध्ये आपल्या मुलांनी मागच्या कुंपणालगत तरवडाची एक ओळ लावली आहे. रोपे गुडघ्याइतकी झाली आहेत, फार पाणी मागत नाहीत. यंदा त्यांना फुले येणार नाहीत, म्हणून ज्यांच्या शेतात किंवा बांधावर तरवड आहे त्यांनी सुट्टी लागण्यापूर्वी आदल्या संध्याकाळी फांद्या पाठवल्या तर आयम्मांचे काम हलके होईल. राहिलेल्या शेंगा कार्यालयात खोक्यात ठेवल्या आहेत. ज्यांच्या दारात हातभर मोकळी जमीन असेल त्यांनी जाताना मूठभर बी घेऊन जावे.