तसं म्हणायचं नव्हतं

प्रचाराच्या दिवसांत एक वाक्य हमखास कानावर पडतं : "माझ्या बोलण्याचा विपर्यास केला." सभेत प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आल्यावर हे जरा अवघड झालं. मग दुसरं वाक्य पुढे आलं : "ती गंमत होती."

मार्च 2014. नवी मुंबईत माथाडी कामगारांचा मेळावा होता. शरद पवार म्हणाले, साताऱ्यात 17 एप्रिलला मतदान आहे, इकडे 24 तारखेला. तिकडे घड्याळाला, म्हणजे तेव्हाच्या त्यांच्या पक्षचिन्हाला मत, मग इकडे येऊनही घड्याळालाच. फक्त शाई पुसून या. सभा हसली. निवडणूक आयोग काही हसला नाही, त्यानं नोटीस धाडली. गमतीनं बोललो, असा पवारांचा खुलासा आला आणि आयोगानं नाराजी नोंदवून विषय संपवला. गंमत होती, हे मला पटतं. पण गाव साताऱ्याकडे आणि पोट मुंबईत, अशा माणसांनाच ती इतक्या चटकन कळते!

अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्याकडे गंमत म्हणायचीही सोय नव्हती. 6 ऑक्टोबर 1976, सॅन फ्रान्सिस्को, निवडणुकीतले प्रतिस्पर्धी जिमी कार्टर यांच्याशी जाहीर वादसभा. फोर्ड म्हणाले, पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही. प्रश्न विचारणारे पत्रकार मॅक्स फ्रँकेल चक्रावले. त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणजे सावरायची संधी आयती चालून आली. फोर्ड यांनी युगोस्लाव्हिया, रुमानिया, पोलंड अशी नावंच घेतली. सभा संपल्यावर पत्रकारांनी त्यांच्या सल्लागारांना गाठलं : पोलंडमध्ये सोव्हिएत फौज किती? चार डिव्हिजन, असं उत्तर द्यावं लागलं.

फोर्ड यांना म्हणायचं होतं ते वावगं नव्हतं. पोलिश माणसानं मनानं गुलामी पत्करलेली नाही, आम्हीही ती मान्य करत नाही, एवढंच. पण मनात बरोबर होतं, म्हणून तोंडून चूक गेली हे त्यांना दिसेचना. खुलासे झाले, खुलाशांचे खुलासे झाले. चुकलो, हे सरळ म्हणायला जवळजवळ आठवडा लागला.

नोव्हेंबरमध्ये ते हरले. आधीचे अध्यक्ष निक्सन यांना फोर्ड यांनी दिलेली माफी लोक विसरले नव्हते, महागाईही होती. सगळं खापर पोलंडवर फोडणं बरोबर नाही. पण मतदानाला जेमतेम चार आठवडे उरले असताना त्यांतला एक या वाक्यानं खाल्ला.