परसातले छोटे घर : हक्क, हिशेब आणि शेजार

(संस्थेचे सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



घराचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. मात्र आज आम्ही ज्या घराविषयी बोलणार आहोत ते अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातले आहे. तिथे गेल्या काही वर्षांत हजारो घरमालकांनी आपल्या घरामागच्या मोकळ्या जागेत, म्हणजे परसात, स्वतंत्र दार, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असलेले छोटे घर बांधले. सरकारी कागदात त्याला 'ॲक्सेसरी ड्वेलिंग युनिट' म्हणतात. लोक त्याला 'ग्रॅनी फ्लॅट', म्हणजे आजीचे घर, असेही म्हणतात. आपली अनेक मराठी कुटुंबे त्या राज्यात नोकरीनिमित्त स्थायिक आहेत. आज इथे बसलेले काही विद्यार्थी उद्या तिकडे भाडेकरू म्हणून जातील आणि काही जण घरमालकही होतील. म्हणून हा विषय आपण समजून घेतला पाहिजे.

प्रथम इतिहास पाहू. स्वतःच्या जमिनीवर दुसरे लहान घर बांधायला बंदी का होती? १९१६ साली कॅलिफोर्नियातील बर्कले शहराने 'एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचे घर' असा नियम केला. १९१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाच्या नावाने वस्त्या वेगळ्या करणारा लुईव्हिल शहराचा कायदा रद्द केला. त्यानंतर वंशाचे नाव न घेता तेच साधणारे नियम उपयोगी पडू लागले. मोठा प्लॉट आणि एकच मोठे घर म्हटले की गरीब माणूस आपोआप बाहेर राहतो. १९२६ साली ओहायो राज्यातील युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा विभागणीला मान्यता दिली. याशिवाय अनेक खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना आणि आशियाई लोकांना घर विकू नये अशी कलमे होती. ती न्यायालयामार्फत अमलात आणणे १९४८ साली थांबले.

मित्रहो, त्याच १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून परतलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना हाकलण्यात आले. देश वेगळा, पण 'तू इथे राहायचे नाहीस' हे वाक्य तेच. म्हणून नगररचनेचा नकाशा हातात आला की त्यावरच्या रेषा कोणाला आत घेतात आणि कोणाला बाहेर ठेवतात, हे आपण विचारले पाहिजे.

बंदीमुळे गरज संपत नाही. १९८७ साली 'लॉस एंजेलिस टाइम्स' या वृत्तपत्राने लॉस एंजेलिस काउंटीची पाहणी केली. सुमारे ४२ हजार गॅरेजांमध्ये जवळपास दोन लाख माणसे राहत असल्याचा अंदाज त्यात निघाला. मोटार ठेवण्याच्या खोलीत, खिडकीविना, उघड्या विजेच्या तारांखाली संसार चालले होते. तक्रार करावी तर डोक्यावरचे छप्पर जाणार, म्हणून भाडेकरू गप्प राहत. बेकायदा घरात सर्वाधिक धोका नेहमी भाडेकरूलाच असतो.

कायदा हळूहळू बदलला. १९८२ साली राज्याने दुसऱ्या घराला तत्त्वतः मान्यता दिली, पण अनेक शहरांनी जादा पार्किंग, मोठा प्लॉट आणि जाहीर सुनावणी अशा अटी घालून ती निष्प्रभ केली. २००२ च्या दुरुस्तीने सुनावणीची अट काढली. खरा बदल २०१६ आणि २०१९ च्या कायद्यांनी झाला. आता मागील व बाजूच्या हद्दीपासून चार फूट सोडून, सोळा फूट उंचीपर्यंतचे आठशे चौरस फुटांचे घर शहराला नाकारता येत नाही. परिपूर्ण अर्जावर साठ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. साडेसातशे चौरस फुटांच्या आतील घरावर विकासशुल्क लागत नाही. गॅरेजचे घर केले तर गेलेल्या पार्किंगच्या बदली नवी जागा द्यावी लागत नाही. परिणाम असा की २०१६ साली राज्यभर दीड हजारांहून कमी परवाने दिले गेले होते, ते २०२२ साली वीस हजारांच्या पुढे गेले. शेजाऱ्याच्या मर्जीवर असलेली गोष्ट नियमाने मिळू लागली की सामान्य माणूस पुढे येतो, हा यातला धडा आहे.

आता हिशेब. बर्कले येथील विद्यापीठाच्या २०२१ च्या अहवालात अशा घराचा मध्यम बांधकामखर्च दीड लाख डॉलर आणि मध्यम आकार सव्वासहाशे चौरस फुटांच्या आत आढळला. त्यानंतर खर्च वाढलाच आहे. जमीन विकत घ्यावी लागत नाही हा मोठा फायदा. १९७८ च्या 'प्रपोझिशन १३' मुळे करासाठी नव्या बांधकामाचेच मूल्य वाढते, जुन्या घराची नव्याने आकारणी होत नाही, हा दुसरा. परंतु पैसा बहुधा राहते घर तारण ठेवूनच उभा राहतो. भाडेकरू सहा महिने मिळाला नाही तरी हप्ता भरता येईल का, हे आधी मांडून पाहावे. येणाऱ्या भाड्याच्या भरवशावर राहते घर पणाला लावू नये.

स्थापत्याचे विद्यार्थी इथे आहेत, त्यांच्यासाठी थोडे. या कामात भिंतींच्या आधी मैलापाण्याचा पाइप पाहावा लागतो. त्याला साधारणतः दर फुटाला पाव इंच उतार हवा. परसू रस्त्यापेक्षा खोलगट असेल तर पंप बसवावा लागतो आणि खर्च वाढतो. जुन्या घराची वीजजोडणी शंभर अँपची असेल तर ती बहुधा वाढवावी लागते. गॅरेजची फरशी दाराकडे उतरती असते आणि तिच्याखाली पुरेसा पाया असेलच असे नाही. म्हणून 'फक्त रंग मारून खोली करू' हे सांगणारा ठेकेदार दूर ठेवावा.

या घरांत राहते कोण? त्याच अहवालानुसार निम्म्याहून थोडी अधिक घरे भाड्याने दिलेली होती आणि सुमारे सहावा हिस्सा नातेवाइकांना विनामूल्य. म्हातारे आईवडील दोन पावलांवर राहतात, तरी त्यांचे दार त्यांचे राहते. याचे मोल पैशात होत नाही.

पण भाडेकरू ठेवताना खरी कसोटी लागते. पुण्या-मुंबईत खोली पाहायला गेल्यावर आधी आडनाव विचारतात, मग खाणेपिणे विचारतात, आणि मग खोली 'कालच गेली' असे सांगतात. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. कॅलिफोर्नियात १९६३ च्या रम्फर्ड कायद्याने घर देताना भेदभाव करण्यास बंदी केली. पुढच्याच वर्षी मतदारांनी ती मोडीत काढली आणि १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने मतदारांचा तो निर्णय घटनाबाह्य ठरवला. बहुमत म्हणजे न्याय नव्हे, याचे हे उदाहरण. २०२३ साली जातीचा स्पष्ट उल्लेख करणारे विधेयक तिथल्या विधिमंडळाने मंजूर केले. राज्यपालांनी ते परत पाठवले आणि जातीवरील भेदभावास सध्याच्या कायद्यांतच बंदी आहे असे कारण दिले. म्हणजे समुद्र ओलांडला तरी जात सामानातून जातेच. आपल्यातला कोणी घरमालक झाला तर त्याने भाडेकरूची जात, रंग, धर्म पाहू नये. भाडे भरण्याची ऐपत आणि वागणूक पाहावी, लेखी करार करावा आणि पावती द्यावी.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. परसातले घर हा जमीन असलेल्यांचा उपाय आहे. ज्याच्याकडे परसूच नाही त्याच्यासाठी स्वस्त सार्वजनिक घरांची मागणी सोडून चालणार नाही. एका उपायाने दुसऱ्याची जबाबदारी संपत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यातले कोणी इंजिनिअर, कोणी वकील, कोणी नगररचनाकार होईल. नियम लिहिण्याची लेखणी हाती आली तर दार उघडणारा नियम लिहा. आणि जे घरमालक होतील त्यांनी आपल्या दारी आलेल्या माणसाला आडनाव विचारू नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम.