नव्या भट्टीचा आवाज



आपल्याकडे ‘भट्टी’ म्हटलें म्हणजे लोहाराची, धोब्याची किंवा विटांची भट्टी डोळ्यांपुढें येते. राहत्या घराच्या तळघरांत भट्टी असते, हें आपल्यापैकीं अनेकांस नवल वाटेल. परंतु कॅनडासारख्या थंड देशांत तिच्यावांचून हिंवाळा निभत नाहीं. माझी कन्या टोरोंटोजवळ राहते. गेल्या हिंवाळ्यांत मी तिच्याकडे असतांना त्यांच्या घरांतील जुनी भट्टी काढून नवी बसविण्यांत आली. तिच्या आवाजानें आमची झोंप कशी उडाली, आणि तो आवाज बंद करण्याच्या भरांत माझ्या हातून केवढी चूक झाली, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम या यंत्राची रचना थोडक्यांत सांगतों. भट्टींत नैसर्गिक वायु जळतो. त्याचा धूर एका बंद पोलादी कोठ्यांतून जाऊन नळीवाटे घराबाहेर पडतो. त्या तापलेल्या कोठ्यावरून एक मोठा पंखा घरांतील हवा ढकलतो. ऊन झालेली हवा पत्र्याच्या चौकोनी नळ्यांतून खोल्याखोल्यांत जाते, आणि गार झालेली हवा भिंतींतील जाळीवाटे परत भट्टीकडे येते. वाटेंत धूळ अडविण्यासाठीं एक गाळणी असते. जाण्याची व येण्याची अशा दोन्ही वाटा मोकळ्या असल्या, तरच हें कार्य सुरळीत चालतें.

नवी भट्टी सुरू झाली त्या रात्रीं दोन आवाज ऐकूं आले. पहिला ‘टण्‌-टक्’ असा, भिंतींच्या आंतून येणारा. दुसरा, माझ्या खाटेजवळच्या जाळींतून सतत येणारी शीळ. आठ महिन्यांची नात दचकून उठे व रडूं लागे. तीन रात्री कोणासच झोंप नाहीं. चौथ्या रात्रीं मीं घरून नेलेली जाड गोधडी घेतली, चार पदरी घडी करून त्या जाळीवर घट्ट बसविली, आणि वर पेटी टेकवून ठेवली. शीळ थांबली. माझ्या युक्तीचें मला मोठें कौतुक वाटलें.

पहाटे कन्येच्या हांकेनें जागा झालों. घरांतील उष्णतामान १४ अंशांवर उतरलें होतें. बाहेर पारा शून्याच्या बराच खालीं होता. नातीचे हात बर्फासारखे झाले होते. कन्या तिला पोटाशीं धरून बसली होती. ती मला एवढेंच म्हणाली, “बाबा, ती गोधडी काढा आधीं.”

झालें होतें तें असें. परतीची वाट बुजल्यामुळें कोठ्यावरून पुरेशी हवा जाईना व कोठा फाजील तापला. अशा वेळीं ज्योत आपोआप विझविणारी कळ यंत्रांत असते. तिनें आपलें काम केलें. असें वारंवार झाल्यावर भट्टीनें पेटणेंच बंद केलें. ती कळ नसती, तर गोष्ट थंडीवर भागली नसती.

सकाळीं एक जाणता कारागीर आला. त्यानें नळींत लहान छिद्र पाडून हवेचा दाब मोजला. यंत्राच्या पट्टीवर पाण्याच्या ०.५ इंच दाबाची मर्यादा लिहिलेली होती. गोधडी काढल्यावरही मापकांत ०.९ इंच भरला. बसविणाऱ्यांनीं यंत्र पूर्वीपेक्षां मोठें दिलें होतें, आणि नळ्या मात्र जुन्याच ठेवल्या होत्या. अरुंद वाटेनें पुष्कळ हवा ओढली कीं शीळ वाजावयाचीच! त्यांत गाळणीही फार दाट विणीची होती.

‘टण्‌-टक्’ आवाजाचें कारण निराळें. दहा मीटर लांबीची पोलादी नळी तीस अंशांनीं तापली, तर सुमारें साडेतीन मिलिमीटर लांबते. तिला सरकावयास जागा नसली, तर तिचा सपाट पत्रा रॉकेलच्या डब्याच्या बुडाप्रमाणें आंतबाहेर उडतो. गरजेहून मोठी भट्टी थोडा वेळ जळून लगेच थांबते व पुन्हां पेटते. त्यामुळें हा प्रकार रात्रभर चालतो.

उपाय पुढीलप्रमाणें झाले. परतीसाठीं दुसरी रुंद नळी जोडली. गाळणी अधिक क्षेत्रफळाची बसविली. भट्टी व नळ्या यांच्यामध्यें जाड कापडी जोड दिला, म्हणजे यंत्राची थरथर पत्र्यांत उतरत नाहीं. सपाट पत्र्यांस आडव्या पट्ट्या मारल्या. शेवटीं पंख्याचा वेग एक पायरी उतरविला. पंख्याच्या आवाजाची शक्ति वेगाच्या सुमारें पांचव्या घातानें बदलते. वेग एक-पंचमांशानें उतरला, तर ती जवळजवळ एक-तृतीयांशावर येते. परंतु हें काम स्वतः करूं नये. वेग फार उतरविल्यास कोठा पुन्हां तापतो. हवेचें उष्णतामान किती वाढावें, त्याची मर्यादा पट्टीवर लिहिलेली असते, आणि कारागिरानें ती मोजून पाहिली पाहिजे.

तिसरा एक आवाज आम्हांस ऐकूं आला नाहीं, पण तो सांगितल्यावांचून राहवत नाहीं. भट्टी पेटतांना ‘धप्प’ असा स्फोटासारखा आवाज आला, तर वायु सांचून उशिरां पेट घेत आहे असें समजावें. तत्काळ भट्टी बंद करून जाणत्यास बोलवावें. अपुऱ्या ज्वलनानें होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. म्हणूनच ऑंटेरिओ प्रांतांत भट्टी असलेल्या घरांत झोंपण्याच्या जागेजवळ त्याची सूचना देणारें यंत्र ठेवणें २०१४ पासून कायद्यानें आवश्यक आहे.

मीं आयुष्यभर वर्गांत ‘गप्प बसा’ असें म्हटलें, आणि पुष्कळदां मुलें कां बोलतात तें विचारावयाचें राहून गेलें. यंत्राशींही मी तसाच वागलों. आपल्या घरीं पाण्याचा पंप घरघरूं लागला किंवा पंखा करकरूं लागला, तर त्याचें तोंड बांधण्यापूर्वीं तो कशामुळें ओरडतो हें आधीं पाहावें. माझी गोधडी आतां नातीच्या पाळण्याशेजारीं जमिनीवर अंथरलेली आहे. तिची जागा तीच होती.