जुन्या छायाचित्रांतून भेटलेले जॉन फ्लिन
(वर्धापनदिनाच्या समारंभातील भाषण)



आपल्या रुग्णालयाच्या जुन्या छायाचित्रांची पेटी लावून देण्याचे काम विश्वस्तांनी माझ्याकडे सोपविले. ते करताना मला वारंवार आठवले ते ऑस्ट्रेलियाचे रेव्हरंड जॉन फ्लिन.

तेथील वीस डॉलरच्या नोटेवर १९९४ पासून त्यांची छबी आहे आणि सोबत विमानही आहे. त्यामुळे ते डॉक्टर किंवा वैमानिक असावेत, असा समज सहज होतो. ते दोन्ही नव्हते. १८८० साली जन्मलेल्या या धर्मोपदेशकास तरुणपणी, शिक्षकी करीत असतानाच, प्रथमोपचार आणि छायाचित्रण यांची गोडी लागली होती. १९१२ साली त्यांच्या पुढाकाराने अंतर्भागातील विरळ वस्त्यांसाठी प्रेस्बिटेरियन चर्चची सेवासंस्था उभी राहिली. शेकडो मैलांत डॉक्टर नाही, ही स्थिती शहरातील माणसांना नुसत्या शब्दांनी पटेना. म्हणून फ्लिन यांनी १९१३ पासून निघालेल्या आपल्या नियतकालिकात छायाचित्रे छापली, पडद्यावर चित्रे दाखवीत व्याख्याने दिली. त्यातून देणग्या आल्या. १५ मे १९२८ रोजी क्लॉनकरी येथे विमानातून वैद्यकीय सेवा सुरू झाली. भाड्याने घेतलेल्या त्या एका विमानाने पहिल्या वर्षी ५० उड्डाणे केली.

त्यांच्या संस्थेचा चित्रसंग्रह आज कॅनबेरा येथील राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. अशा चित्रांचा काळ ठरविताना चेहऱ्यांपेक्षा वस्तूंचाच आधार अधिक होतो. पायाने पॅडल मारून चालवायचा बिनतारी संच दिसला, तर ते चित्र १९२८ च्या आधीचे नव्हे. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथे १९२६ साली उघडलेल्या अ‍ॅडलेड हाउस या रुग्णालयाचे चित्र पाहिले की छपराचा उंचावलेला मधला भाग नजरेत भरतो. तो शोभेसाठी नाही. तळातील बोगद्यातून, ओल्या गोणपाटांवरून गार झालेली हवा खोल्यांत शिरावी आणि गरम हवा वरून निघून जावी, अशी फ्लिन यांची योजना होती. वातानुकूलनाच्या बिलांवर सह्या करणाऱ्या आपल्या विश्वस्तांना हे आवडेल!

परंतु ही चित्रे देणगीदारांना दाखविण्यासाठी होती, हे विसरून चालत नाही. पुष्कळशी फ्लिन यांनीच टिपलेली असल्याने ते स्वतः त्यांत क्वचितच दिसतात. आणखी एक उणीव मला अधिक सलते. त्यांची सेवा प्रामुख्याने गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी उभी राहिली. ज्यांची ती भूमी, त्या मूळ रहिवाशांना तीत फारसे स्थान नव्हते. हा आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला गेला होता.

त्यांच्या समाधीची दोन काळांतील छायाचित्रे शेजारी ठेवा. फ्लिन १९५१ साली निवर्तले. अ‍ॅलिस स्प्रिंग्जजवळ त्यांच्या समाधीवर एक प्रचंड गोल शिळा बसविण्यात आली. अलीकडच्या छायाचित्रात शिळा आहे, पण ती निराळी! पहिली शिळा सुमारे ४०० किलोमीटरवरील कार्लू कार्लू या मूळ रहिवाशांच्या पवित्र स्थळावरून, त्यांना न विचारता आणलेली होती. दीर्घकाळ मागणी केल्यानंतर १९९९ साली ती परत गेली आणि तिच्या जागी स्थानिक अरेर्न्टे लोकांनी आपल्या भूमीतील शिळा दिली. ज्यांना त्या सेवेत फारसे स्थान नव्हते, त्यांच्यापैकीच काहींचा दगड आज तेथे आहे.

आता आपल्या पेटीकडे येतो. नव्या कक्षाच्या उद्घाटनाचे एक चित्र आहे. खुर्च्यांवरील सर्व मान्यवरांची नावे खाली नीट छापली आहेत. मागे दाराशी दोन परिचारिका आणि हातात बादली घेतलेल्या एक बाई उभ्या आहेत. त्यांची नावे कोठेच नाहीत. हे चित्र बाहेर प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवले आहे. जाताना कृपया पाहावे. कोणी ओळखीचे निघाले तर नाव मागे हलक्या हाताने, पेन्सिलीनेच लिहावे, शाई फुटते.