मजूर संघटनेत का जातात?

(कट्टा येथील हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आदिवासी वाड्यांवरच्या कामासाठी तुम्ही प्रेमाने देता. त्यातून धान्य जाते, औषधे जातात, मुलांना वह्यापुस्तके मिळतात. तरी काहीजण विचारतात, "एवढे करूनही ही माणसे झेंडा घेऊन मोर्चाला का जातात?" प्रश्न प्रामाणिक आहे.

उत्तर आधी आपल्याच घरात शोधू. मालवण तालुक्यातील कितीतरी चुली मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर पेटल्या. त्या गिरण्यांत पूर्वी आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांना एकत्र केले, हजारोंच्या सह्यांचा अर्ज दिला आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. एकट्याने मागितली असती, तर त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी बदली कामगार उभा राहिला असता.

आदिवासींनीही हीच वाट धरली. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वारली माणूस सावकाराकडे वर्षानुवर्षे राबे. त्याला 'लग्नगडी' म्हणत. शिवाय जमीनदाराची वेठ होतीच. २३ मे १९४५ रोजी झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असे ठरले. किसान सभेच्या गोदावरी व शामराव परुळेकरांची त्यांना साथ होती. पावसाळा सरल्यावर त्यांनी पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मागितले आणि विळे खाली ठेवले. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. तरी लोक मागे हटले नाहीत.

मजुरी वाढावी असे प्रत्येकाला वाटते, पण त्याआधी भीती जावी लागते. रायगड-ठाण्याकडचा कातकरी पावसाळ्यात घरात दाणा नसताना उचल घेतो आणि दिवाळीनंतर बायकामुलांसह वीटभट्टीवर जातो. आठवड्याला खर्ची मिळते. हिशेबाची वही मालकाकडे असते. हंगाम संपतो, उचल फिटत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण वहीतला आकडा विचारायला एकटा माणूस धजत नाही. सोबत पन्नासजण असले की विचारतो.

संघटनेचे प्रत्येक पाऊल बरोबर पडते असे नाही. १९८२ च्या गिरणी संपात आपल्याच भागातील कितीतरी माणसे रिकाम्या हाताने गावी परतली. पण त्यांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी देवाच्या कानी आक्रोश करते, असे याकोबाच्या पत्रात सांगितले आहे. कामगारांना संघ करण्याचा हक्क आहे, हे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये मांडले.

म्हणून विनंती एवढीच. वाडीवरचा माणूस संघटनेत गेला म्हणून आपला हात आखडू नका. धान्य द्या आणि अभ्यासवर्गही चालू ठेवा. तिथे बेरीज-वजाबाकी शिकलेली मुलगी बापाची उचल आणि खर्ची स्वतःच्या वहीत मांडू लागली, तर तो मालकासमोर दोन वह्या ठेवू शकेल. आपले दान त्या दिवसापर्यंत पोहोचले पाहिजे.

देव तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.