जाळी किलोवर विकू नका



अध्यक्षाचं भाषण भारदस्त असावं अशी अपेक्षा असते. पण मी आयुष्यभर तारेच्या जाळ्या केल्या. पॅलेट रॅकच्या दोन बीमांवर पसरलेली, खाली तीन-चार चॅनल असलेली ही जाळी गोदामात येणाऱ्या पाहुण्याला दिसतसुद्धा नाही. त्याला उंच रॅक दिसतात, फोर्कलिफ्ट दिसते. माल मात्र हिच्याच अंगावर असतो. म्हणून आज मी हिच्याबद्दलच बोलणार आहे.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. पंचवीसेक वर्षं झाली असतील. फरशांची खोकी साठवणाऱ्या एका गोदामातून फोन आला, "साहेब, तुमच्या जाळीला झोळ पडलाय." जाऊन पाहिलं. जाळी 1200 मिलिमीटर रुंद, 1000 खोल, तार 5 मिलिमीटरची. खाली तीन चॅनल, दोन अगदी कडेला आणि एक मध्ये. मधलं विळ्यासारखं वाकलं होतं आणि कडेच्या दोघांच्या पावडर कोटिंगला साधा तडासुद्धा नव्हता. खरं तर उत्तर तिथंच डोळ्यांसमोर होतं. पण मालक म्हणाले, "तार जाड टाका," आणि मला ते पटलं. 5 ची 6 मिलिमीटर केली. तारेचं वजन 44 टक्क्यांनी वाढलं, बिल वाढलं, मालक खूश, मीही खूश. सहा महिन्यांनी मधलं चॅनल पुन्हा वाकलं.

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हे गणित कॉलेजात शिकलो होतो, पण शेडमध्ये कधी आणलं नव्हतं. जाळीवर 1000 किलो सारखे पसरले आणि चॅनल तीन असले, तर प्रत्येकाच्या वाट्याला 333 किलो, असं आपण सगळे सर्रास धरतो. तसं होत नाही. कडेच्या चॅनलवर एकाच बाजूचा भार येतो, मधल्यावर दोन्ही बाजूंचा. म्हणजे निम्मा भार तिथंच मधल्यावर गेला. त्यात वरची तार मधल्या चॅनलवर तुटलेली नसते, सलग पुढे जाते, आणि त्या सलगपणामुळे तिथला भार आणखी वाढतो. आधार न दबणारे धरले तर हिशेब असा निघतो: मधल्यावर 625 किलो, कडेच्या प्रत्येकावर 187.5. मी 333 किलोसाठी केलेल्या चॅनलवर 625 किलो बसले होते. तार जाड केल्यानं ही वाटणी एका किलोनंही बदलणार नव्हती.

आता गंमत बघा. तीच तीन चॅनल घ्या, तीच तार घ्या आणि कडेची दोन्ही चॅनल 200 मिलिमीटर आत सरकवा. म्हणजे रुंदीच्या सहाव्या हिश्श्याइतकी. बाहेर राहिलेला जाळीचा काठ आता कडेच्या चॅनलवर भार टाकतो आणि मधल्याचं ओझं उतरवतो. त्याच गणितानं कडेला प्रत्येकी सुमारे 354 किलो येतात, मध्ये सुमारे 292. 625 चे 292! एक ग्रॅम पोलाद वाढलं नाही, फक्त वेल्डिंगच्या जिगमधल्या दोन खुंट्या हलल्या. प्रत्यक्षात चॅनल स्वतःही थोडी वाकतात, म्हणून खरे आकडे याच्या अलीकडे-पलीकडे पडतील. शिवाय पॅलेट म्हणजे काही पसरलेली वाळू नव्हे. नऊ पायांचं प्लॅस्टिक पॅलेट ठेवलं तर सगळा भार नऊ ठिकाणी टोचतो, आणि एखादा पाय नेमका बाहेरच्या काठावर आला तर ती तार खाली लवते. म्हणून ग्राहकाला पहिला प्रश्न "किती टन?" असा न विचारता "पॅलेट कोणतं?" असा विचारायचा. मी आजही आधी पॅलेट उलटं करून बघतो, मगच पेन काढतो.

दुसरी गोष्ट पोलादाची. बाजारात आता जास्त ताकदीचं पोलाद मिळतं आणि ते टाकलं की झोळ जाईल असं विकणारा सांगतो. तसं होत नाही. ते मोडायला किंवा कायमचं वाकायला जास्त भार लागेल, हे खरं. पण भार असताना ते किती लवेल हे त्याच्या लवचिकतेवर ठरतं, आणि ती साध्या पोलादाची आणि महागड्या पोलादाची जवळपास सारखीच असते. मजबुती वेगळी, ताठपणा वेगळा. ताठपणा आकारातून येतो. शाळेतली पट्टी आडवी धरली तर लवते, उभी धरली तर लवत नाही. 30 मिलिमीटर रुंद आणि 3 मिलिमीटर जाड पट्टी उभी केली की ती आडवीच्या शंभर पट ताठ होते. चॅनलची उंची म्हणजे हीच उभी पट्टी. अर्थात पत्रा फार पातळ घेऊन उंची वाढवत गेलात तर भिंत आतल्या आत चिरडते, तोही अनुभव मी घेतलाय.

झोळ म्हणजे फक्त दिसायला वाईट, असंही समजू नका. गावाकडच्या बाजेवर दोघं जण बसले की दोघंही मध्ये घसरतात, ते आठवा. झोळ पडलेल्या जाळीवर खोकी तशीच मध्ये सरकतात, म्हणजे आधीच वाकलेल्या जागी भार आणखी गोळा होतो. अमेरिकेत अशा जाळ्यांसाठी एमएच 26.2 नावाचं मानक आहे. त्यात झोळाची मर्यादा खोलीच्या 165 व्या हिश्श्याइतकी दिली आहे. 1000 मिलिमीटर खोलीला साधारण 6 मिलिमीटर. झोळ मोजायला यंत्र लागत नाही. एक दोरा आणि एक पट्टी पुरते.

आता वेल्डिंगच्या टाक्यांकडे वळतो. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण डिझायनर मंडळी इथं फारशी येत नाहीत. तार चॅनलला स्पॉट वेल्डिंगनं चिकटते. तांब्याचं टोक दाबलं जातं, प्रवाह वाहतो, सांधा वितळतो. सकाळी पहिल्या पाळीत टोक घासून नीट केलेलं असतं. शेकडो टाके झाले की ते दाबानं अळंबीसारखं पसरतं. प्रवाह तेवढाच, पण तो आता मोठ्या जागेवर वाटला जातो, म्हणून उष्णता कमी पडते. बाहेरून टाका सारखाच दिसतो. अशा वेळी सरळ छिन्नी घालून तार उचकटायची. तार निघताना चॅनलच्या पत्र्याचा लचका सोबत आला तर टाका पक्का. नुसती तार सुटली आणि पत्रा गुळगुळीत राहिला, तर तो टाका चिकटला होता, वितळला नव्हता. आमच्याकडे एक हेल्पर दर पाळीत एक जाळी अशी फोडायचा. हिशेबनीस म्हणायचे, "रोज एक जाळी फुकट घालवतोय हा." माझ्या मते कारखान्यातली सगळ्यात कमाईची जाळी तीच होती.

गंजाबद्दल दोनच वाक्यं. जस्त चढवलेली तार घेऊन वेल्ड केलं की नेमक्या सांध्यावरचं जस्त जळतं, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो. आधी वेल्ड करून मग सुमारे 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवलं तर सांधाही झाकला जातो, पण पातळ जाळी वेडीवाकडी होऊ शकते, त्याची तयारी ठेवा.

जाळीला भोकं का असतात, हेही ग्राहकाला सांगा. 50 बाय 100 च्या चौकोनात 5 मिलिमीटरची तार असेल तर 85 टक्क्यांहून जास्त जागा उघडी राहते. वरच्या स्प्रिंकलरचं पाणी तिथून खालच्या मालापर्यंत उतरतं. अमेरिकेच्या एनएफपीए 13 या अग्निसुरक्षा मानकात अशी अर्ध्याहून अधिक उघडी जाळी उघड्या रॅकमध्ये धरली जाते, अर्थात मालामालांत उभ्या फटी ठेवल्या तर. आणि आपला ग्राहक काय करतो? बारीक खोकी पडू नयेत म्हणून वर पुठ्ठा अंथरतो! अशा ठिकाणी बारीक चौकोनाची जाळी द्या, पण पुठ्ठ्याला हो म्हणू नका.

आता भावाकडे येतो. 2017 मध्ये जीएसटी आल्यावर राज्याराज्यांतली छोटी गोदामं आटली आणि भिवंडीसारख्या ठिकाणी प्रचंड शेड उभ्या राहिल्या. रॅक उंच झाले, माल वाढला. पण खरेदीच्या टेबलावरचा प्रश्न पूर्वीचाच राहिला: "किलोला काय भाव?" या एका प्रश्नानं आपल्या धंद्याची बुद्धी मारून टाकली आहे. किलोवर विकणाऱ्याला चॅनल 200 मिलिमीटर सरकवून काहीच मिळत नाही, आणि तार जाड करून पैसे मिळतात. मी ते पैसे घेतलेत, म्हणून हे बोलायचा अधिकार मला आहे. आपल्या कोटेशनवर वजनाच्या आधी तीन गोष्टी छापाव्यात अशी माझी विनंती आहे: किती खोलीवर, कोणत्या पॅलेटसाठी किती किलो, आणि त्या भाराखाली झोळ किती. खरेदी अधिकारी आधी वैतागतील. दुसऱ्या वेळेला तेच विचारतील.

भाषण इथं थांबवतो, कारण भूक तुम्हालाही लागली आहे. बाहेरच्या शेडमध्ये दोन जाळ्या मांडून ठेवल्यात. दोन्हींचं वजन सारखं, तार सारखी, चॅनलही सारखीच. एकीची कडेला, दुसरीची 200 मिलिमीटर आत. बाजूला सिमेंटच्या 50 किलोच्या 40 गोण्या आहेत, प्रत्येकीवर 20. दोरा ताणलेला आहे, पट्टी माझ्या खिशात आहे. जेवणाआधी गोण्या चढवू. पहिली गोणी कोण उचलतंय?