बहानगाचा सिग्नल आणि मुंब्र्याचं वळण

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरातील व्याख्यानाचे शब्दांकन)

 

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'रेल्वे सुरक्षा' असा विषय वाचून सकाळी एका मुलीनं मला विचारलं, "आपा, तुम्ही तलाकवर बोलाल, शिक्षणावर बोलाल असं वाटलं होतं. हे रेल्वेचं मध्येच कुठून आलं?" प्रश्न बरोबर आहे. आपल्या शिबिरांत आपण ज्या विषयांवर बोलतो, त्यात रेल्वे कधी नसते. वक्फ असतं, आरक्षण असतं, बहुपत्नीत्व असतं. पण तुमच्यातले निम्मे तरी आज लोकलनं इथं आलात. परत जातानाही लोकलनंच जाणार. तेव्हा आज तासभर या विषयाला देऊ.

सुरुवात 2 जून 2023 पासून करते. ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार नावाचं छोटं स्टेशन आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास कोरोमंडल एक्सप्रेस ताशी 128 किलोमीटर वेगानं आली. सिग्नल हिरवा होता, मेन लाइनचा. पण सांधा लूप लाइनकडे वळलेला होता आणि लूप लाइनवर लोहखनिजानं भरलेली मालगाडी उभी होती. कोरोमंडल तिच्यावर आदळली, डबे घसरले आणि शेजारच्या रुळावरून त्याच वेळी चाललेल्या बंगळुरू-हावडा गाडीच्या शेवटच्या डब्यांना लागले. 290 हून अधिक माणसं गेली.

माझ्या मोबाइलवर दुसऱ्या दिवशी एक फोटो आला. पाठवणारे माझे जुने सहकारी, चांगले सुशिक्षित गृहस्थ. फोटोत वरून घेतलेलं अपघाताचं दृश्य, रुळांच्या बाजूला एक पांढरी इमारत, तिच्याकडे बाण, आणि खाली फक्त एवढंच की काल शुक्रवार होता. बाकीचं वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं. पाठोपाठ दुसरा संदेश आला, स्टेशनमास्तरचं नाव शरीफ आहे आणि तो फरार आहे. ती पांढरी इमारत इस्कॉनचं मंदिर निघाली. शरीफ नावाचा स्टेशनमास्तर तिथं नव्हताच. ओडिशा पोलिसांना जाहीर इशारा द्यावा लागला की अपघाताला धार्मिक रंग देणाऱ्या अफवा पसरवू नका, कारवाई होईल.

त्यानंतर आपण काय केलं, ते जरा आठवा. आपल्या ग्रुपांवर मंदिराचा फोटो फिरला. "बघा, खोटं पडलं!" आनंद झाला, सुटका झाली. आणि विषय तिथंच संपला. मीही त्या गृहस्थांना फॅक्ट-चेक पाठवलं, त्यांनी अंगठा पाठवला, माझं समाधान झालं. गाडी रुळावरून का गेली, हे मला दीड महिन्यानंतर कळलं, तेही दुसऱ्या कामासाठी वाचत होते म्हणून. अफवेनं आपल्याला एवढं गुंतवलं की इमारत मशीद आहे की मंदिर, हाच आपला प्रश्न होऊन बसला. खरं तर त्या इमारतीचा सिग्नलच्या वायरीशी काही संबंध नव्हता. ती मशीद असती तरी नसता.

मग वायरीचं काय झालं होतं? स्टेशनजवळ 94 नंबरचं रेल्वे फाटक आहे. तिथं विजेवर उचललं जाणारं नवं फाटक बसवायचं काम चाललं होतं. त्यासाठी सिग्नलच्या वायरिंगमध्ये बदल करावे लागत होते. पण त्याआधी, काही वर्षांपूर्वीच, स्टेशनच्या उत्तर टोकाच्या सिग्नल गुमटीत एकदा बदल झाले होते आणि ते नीट झालेले नव्हते. कागदावरचा नकाशा एक आणि प्रत्यक्ष वायरी दुसऱ्याच. टर्मिनलवर लिहिलेली अक्षरंही चुकीची. आता त्यावर नवं काम करणाऱ्यानं कागदावर विश्वास ठेवून वायर जोडली, की यंत्रणेला खोटी खबर जाणार: सांधा मेन लाइनकडे आहे. यंत्रणेनं खबर खरी मानली आणि सिग्नल हिरवा केला. ड्रायव्हरचा यात काही दोष नव्हता.

हे सगळं शोधून काढलं ते रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी. त्यांच्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती सर्वांत जास्त टोचते. 16 मे 2022 रोजी, म्हणजे वर्षभर आधी, त्याच खरगपूर विभागात बांकरानयाबाज स्टेशनवर चुकीच्या वायरिंगमुळे असाच गोंधळ झाला होता. माणसं गेली नाहीत म्हणून ती बातमी झाली नाही. आयुक्तांचं म्हणणं असं की तेव्हाच धडा घेऊन दुरुस्ती केली असती, तर बहानगा टळला असता. फेब्रुवारी 2023 मध्ये कर्नाटकात होसदुर्ग रोड स्टेशनला तर एका गाडीची टक्कर थोडक्यात चुकली होती, आणि तिथल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं दुसऱ्याच दिवशी पत्र लिहून यंत्रणेतल्या दोषाबद्दल सावध केलं होतं.

आता हे आयुक्त कोण? नाव रेल्वे सुरक्षा आयोग, पण तो रेल्वे मंत्रालयाखाली नाही. तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे. हसू नका, यामागे इतिहास आहे. इंग्रजांच्या काळात रेल्वेवर देखरेख करणारे सरकारी निरीक्षक रेल्वे बोर्डाच्याच हाताखाली होते. 1937 साली बिहारमध्ये बिहटा इथं मोठा अपघात झाला, शंभराहून जास्त लोक गेले. संशय इंजिनांच्या जातीवर होता, म्हणजे खुद्द बोर्डाच्या खरेदीवर. पुढे त्या इंजिनांची चौकशी करणाऱ्या समितीनं 1939 मध्ये म्हटलं की निरीक्षक बोर्डाच्या ताब्यात असणं योग्य नाही. ज्याची तपासणी करायची त्याच्याच हातात तपासणाऱ्याची बदली-बढती असली तर तपासणी कशी होणार? 1941 मध्ये निरीक्षक रेल्वेपासून वेगळे करून टपाल आणि विमान खात्याकडे दिले गेले. 1961 मध्ये आजचं नाव मिळालं. मुख्यालय लखनौला, आणि मध्य व पश्चिम या दोन मंडळांचे आयुक्त मुंबईत बसतात.

त्यांचं काम काय? नवा मार्ग प्रवाशांसाठी उघडायचा तर आधी त्यांची तपासणी. मेट्रो सुरू होण्याआधी 'सुरक्षा आयुक्तांचं प्रमाणपत्र बाकी आहे' असं पेपरात वाचता ना, ते हेच. आणि 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 114 नुसार प्रवासी गाडीला अपघात होऊन कुणी दगावलं तर चौकशी. त्या चौकशीची नोटीस वर्तमानपत्रात येते: ज्यांना माहिती असेल त्यांनी येऊन साक्ष द्यावी किंवा लिहून कळवावं. कुणीही, तुम्हीसुद्धा. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होतं? मला नव्हतं.

कागदावर व्यवस्था सुंदर आहे. प्रत्यक्षात दोन मोठी भोकं आहेत. एक म्हणजे आयोगातले अधिकारी बहुतेक रेल्वेतूनच येतात. दुसरं, आयुक्तांच्या शिफारशी या शिफारशीच. रेल्वे बोर्ड त्या स्वीकारेल किंवा नाही. 2012 मध्ये अनिल काकोडकर यांच्या समितीनं सांगितलं होतं की रेल्वे मंत्रालयापासून स्वतंत्र, कायद्यानं अधिकार दिलेलं सुरक्षा प्राधिकरण हवं. आजवर ते झालेलं नाही. ब्रिटनमध्ये 1999 च्या लॅडब्रोक ग्रोव्ह अपघातानंतर स्वतंत्र तपास संस्था उभी राहिली, 2005 पासून ती काम करते, आणि तिचे अहवाल घरी बसून कुणालाही वाचता येतात. आपल्याकडे बहानगाचा अहवाल आला, पण सीबीआयचा तपास चालू आहे असं सांगून तो जाहीर केला गेला नाही. जे कळलं ते बातम्यांमधून फुटलेलं आणि जुलै 2023 मध्ये राज्यसभेत मंत्र्यांनी दिलेल्या उत्तरातलं. आपल्याला अपघातानंतर राजीनामा हवा असतो. 1956 च्या अरियालूर अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी दिलेला राजीनामा शाळेच्या पुस्तकापासून आपण ऐकत आलो. त्या अपघाताच्या चौकशीत काय निघालं, हे मला एकाही शिक्षकानं सांगितलेलं आठवत नाही.

पैशांचंही थोडं सांगते. 2017-18 च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय रेल संरक्षा कोष झाला, पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये फक्त सुरक्षेसाठी. कॅगनं 2022 च्या अहवालात 2017 ते 2021 चा काळ तपासला. मोठ्या अपघातांपैकी 75 टक्के गाडी रुळावरून घसरण्याचे. चौकशी अहवाल निम्म्याहून अधिक वेळा मुदतीत दिलेच गेले नाहीत. आणि सुरक्षेच्या कोषातून फूट मसाजर, काचेची भांडी, फर्निचर असल्या गोष्टींवर खर्च!

बहानगाकडे परत येते, कारण एक अवघड गोष्ट राहिली आहे. जूनमध्येच एका सिग्नल अभियंत्याचं नाव मुस्लिम आहे म्हणून तो पळून गेल्याची आवई उठली. दक्षिण पूर्व रेल्वेनं खुलासा केला की सगळे कर्मचारी हजर आहेत, चौकशीला सहकार्य करत आहेत. पुढे 7 जुलैला सीबीआयनं रेल्वेच्या तिघांना अटक केली. त्यात हा अभियंता होता. उरलेले दोघे हिंदू. त्या रात्री आमच्या एका ग्रुपवर दोन्ही टोकं दिसली. एक जण म्हणाला, "नाव बघून अडकवला." दुसरा म्हणाला, "आता तोंड दाखवायला जागा नाही." माझं म्हणणं असं की दोघंही त्या बाणवाल्या फोटोच्याच पद्धतीनं विचार करत होते, फक्त उलट बाजूनं. अटक म्हणजे शिक्षा नव्हे, दोष न्यायालय ठरवेल. तो दोषी निघाला तरी आपल्याला लाज वाटायचं कारण नाही आणि निर्दोष निघाला तरी आपला विजय नाही. आयुक्तांनी चुका एका माणसाच्या नव्हे, अनेक पातळ्यांवरच्या सांगितल्या आहेत. तिघांना अटक झाली की वरच्या पातळ्यांना हायसं वाटतं, हे मात्र आपण बोललं पाहिजे. बातमीची शहानिशा करा, हे सूरह हुजुरातनं आपल्याला सांगितलेलंच आहे. माझं एवढंच की शहानिशा आपल्याला सोयीची बातमी आली तरी करावी.

आता मुंब्रा. इथं मुंब्रा-कौसाहून आलेले बरेच जण दिसतात. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो मुस्लिम कुटुंबं तिकडे राहायला गेली, जिवाच्या भीतीनं. घर तिकडे गेलं, काम मुंबईतच राहिलं. मधला सगळा प्रवास लोकलचा. 9 जून 2025 च्या सकाळी दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान वळणावर समोरासमोर जाणाऱ्या दोन लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. त्याच दिवशी चार जण गेले. त्यांत कोण कुठल्या धर्माचा, हे दारात लटकताना कुणी विचारलं नव्हतं.

मघाशी सांगितलेलं कलम 114 आठवा. 'प्रवासी गाडीला झालेला अपघात'. मुंब्र्याला गाडीला काही झालं नाही, गाडी पुढे निघून गेली. माणूस पडला. कायद्याच्या भाषेत ही 'अनुचित घटना' आहे. म्हणून सुरक्षा आयुक्तांची चौकशी बंधनकारक नाही. रेल्वेनं स्वतःच्याच अधिकाऱ्यांची समिती नेमली. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर 29 सप्टेंबर 2017 ला 23 माणसं चेंगरून मेली, तिथंही गाडीला काही झालं नव्हतं. 'रेल्वे अपघात कमी झाले' असं संसदेत सांगितलं जातं, आणि ते आकडे खोटे नसतात. पण 2023 मध्ये मुंबईच्या लोकल मार्गांवर पडून, रूळ ओलांडताना वगैरे सुमारे अडीच हजार माणसं गेली, म्हणजे दिवसाला सात. ती त्या आकड्यांत नसतात. काकोडकर समितीनं या मृत्यूंना कत्तल म्हटलं होतं. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं प्रवाशांना जनावरांसारखं नेलं जातं याची लाज वाटते, या अर्थाचं सुनावलं. माझं मत विचाराल तर सुरक्षा आयोगाच्या चौकशीची कक्षा आधी इथं वाढवायला हवी. वंदे भारत त्यानंतर.

मुंब्र्याच्या पोरांसाठी एक कामाची गोष्ट. गाडीतून पडून मृत्यू झाला तर कलम 124-अ प्रमाणे 8 लाख रुपये भरपाई आहे. रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणात, मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. मुदत एक वर्ष. घरचे बहुतेक वेळा इथंच हरतात, कारण मयताच्या खिशात तिकीट सापडलं नाही, पास हरवला, आणि कुणीतरी सांगतं की आता काही मिळणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2018 च्या रीना देवी खटल्यात स्पष्ट केलंय की केवळ तिकीट सापडलं नाही म्हणून तो प्रवासी नव्हता असं होत नाही. घरच्यांनी प्रतिज्ञापत्र द्यावं, मग उलट सिद्ध करायची जबाबदारी रेल्वेवर. चढता-उतरताना पडला तर 'त्याचीच चूक' म्हणूनही दावा फेटाळता येत नाही. रूळ ओलांडताना गेला तर मात्र यात बसत नाही, हेही खरंच सांगायला हवं. मोहल्ल्यात मय्यत झाल्यावर आपण जनाज्याला सगळे असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या घरी जाऊन जीआरपीचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, जुना पास, सोबत प्रवास करणाऱ्यांची नावं एका फाइलमध्ये लावून द्यायला कुणी नसतं. हे काम करायला वकील असावं लागत नाही.

जेवणानंतरच्या सत्रात आपण माहिती अधिकाराचे दोन अर्ज लिहिणार आहोत. कायद्याच्या कलम 10 प्रमाणे मुख्य आयुक्तांचा वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवावा लागतो. पहिला अर्ज आयोगाकडे: गेल्या पाच वर्षांत मध्य मंडळाच्या आयुक्तांनी केलेल्या शिफारशी किती, रेल्वेनं मान्य केलेल्या किती, नाकारलेल्या किती. दुसरा मध्य रेल्वेकडे, मुंब्र्याच्या वळणाबद्दल. अर्ज मराठीत चालतो, फी दहा रुपये. कौसाच्या मुलांनी वळणाजवळचे खांबांचे नंबर लिहून आणलेत म्हणे, ते सोबत ठेवा.